चंदगडच्या डॉक्टरला कोण शिकवणार?

कर्करोगाच्या रुग्णाचं दुखणं कसं आटोक्यात आणायचं हे डॉक्टरांना मोबाईल अ‍ॅपवरून शिकवावं, असं म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. मोबाईलवर कुठे डॉक्टरकी शिकतात का? ती रुग्णाच्या खाटेशी उभं राहून, ज्येष्ठांच्या हाताखाली शिकायची विद्या. मॉर्फिनसारखं औषध गावोगावच्या डॉक्टरांच्या हाती देणं धोक्याचं. वेदनाशमन हे तज्ज्ञांचं काम, ते त्यांनाच करू द्या. औषधच मिळत नाही, मग शिकून उपयोग काय? आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक वाक्य येतं: कॅन्सर म्हटला की दुखणारच.

हे शेवटचं वाक्य आधी खोडलं पाहिजे, कारण बाकीचे आक्षेप त्याच्याच आधारावर उभे आहेत. दुखणारच असेल तर शिकण्याची घाई कुणाला? पण ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत जगापुढे ठेवली. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, ती पुरली नाहीत तर कोडीन किंवा ट्रॅमाडॉलच्या पातळीची, आणि त्यांनीही भागलं नाही तर मॉर्फिन. शक्यतो तोंडावाटे, घड्याळ लावून, पायरीपायरीने. नंतरच्या वर्षांत या पद्धतीत सुधारणा झाल्या, तिच्यातल्या काही गोष्टींवर वादही झाले, पण बहुसंख्य रुग्णांचं दुखणं गोळ्यांनी सुसह्य होतं, याबद्दल वाद उरलेला नाही. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं हे ज्ञान छापलेलं आहे. तरीही तंबाखूने, मिश्रीने गाल आणि जबडा सडलेली माणसं कोल्हापूर जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर रात्र रात्र कण्हत बसतात. तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला पाण्याचा घोट गिळतानाही कळ येते. त्याच्या घरच्यांना ‘दुखणारच’ म्हणून परत पाठवणं याला वैद्यकीय मत म्हणता येत नाही. तो न शिकलेला धडा आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता खाटेशी शिकण्याबद्दल. ही पद्धत उत्तम आहे, यात शंका नाही. पण ती खाट आहे कुठे? १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यात किमान दहा वर्षांच्या कैदेच्या तरतुदी होत्या, आणि मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला चार-पाच वेगवेगळे परवाने लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी औषध ठेवणंच सोडलं. भारतातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या देशात तो १८ किलोवर आला होता. या काळात जे विद्यार्थी डॉक्टर झाले, त्यांतल्या बहुतेकांनी मॉर्फिनची गोळी वॉर्डात पाहिलीच नाही. आज तेच ज्येष्ठ आहेत, प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत. पॅलिएटिव्ह मेडिसिनचा, म्हणजे उपशामक उपचारांचा, एमडी अभ्यासक्रम मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरू झाला तो २०१२ साली. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात या विषयाला नीट जागा मिळाली ती २०१९ च्या फेरबदलानंतर. जिल्ह्यात आज दवाखाना चालवणारे बहुतेक डॉक्टर त्याआधीचे आहेत. ज्येष्ठांच्या हाताखाली शिका म्हणता, तर त्या ज्येष्ठांना कुणी शिकवलं होतं? मधली एक पिढी शिकलेलीच नाही. जी परंपरा अस्तित्वात नाही, तिचा मान राखण्यासाठी नवी वाट अडवून धरायची का?

आणि शिकायचं तरी काय आहे, ते एकदा मोकळेपणाने पाहू. वेदनाशमन म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. हाताचं कसब लागतं ते मोजक्याच रुग्णांसाठी, जिथे शिरेचा ब्लॉक द्यावा लागतो किंवा रेडिओथेरपी लागते. उरलेलं बहुतांश काम म्हणजे नीट प्रश्न विचारणं, नीट हिशेब करणं आणि पुन्हा विचारायला जाणं. दुखणं कुठे आहे, शून्य ते दहात किती, कशाने वाढतं. ठणकतंय, की आग होतीय, की चमका मारतायत? ठणका एका प्रकारच्या औषधाला दाद देतो. आग आणि चमका शिरेच्या दुखण्याच्या असतात, तिथे अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन जोडावं लागतं. हे न विचारता नुसता डोस वाढवत नेला, तर झोप वाढते आणि दुखणं तिथेच राहतं.

सर्वांत जास्त होणारी चूक घ्या. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. पण बाकी सगळी औषधं तीन वेळा लिहायची सवय, म्हणून चिठ्ठीवर हीसुद्धा सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहिली जाते. रात्री आठला घेतलेल्या गोळीचा अंमल बाराला ओसरतो. पुढची गोळी सकाळी आठला. मधले आठ तास रुग्ण तळमळतो आणि सगळं घर जागं राहतं. सकाळी नातेवाईक सांगतात, ‘डॉक्टर, या गोळीचा काही उपयोग न्हाई.’ गोळी बरोबर होती, वेळ चुकली. दर चार तासांनी द्यायची, झोपताना दुप्पट द्यायची म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही, एवढंच सांगायचं होतं. त्याच चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लिहायचं असतं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. ते न लिहिल्यामुळे पोट फुगून हैराण झालेला रुग्ण औषध बंद करतो. मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस म्हणजे दिवसभराच्या एकूण डोसाचा साधारण सहावा हिस्सा. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल, तर १०. मूत्रपिंडं थकलेली असतील तर कमी मात्रा आणि मधलं अंतर जास्त. म्हाताऱ्या माणसाला सुरुवात आणखी लहान डोसाने. आणि पेंटाझोसिनची इंजेक्शनं टोचत राहणं हा कर्करोगाच्या वेदनेवरचा उपाय नव्हे.

यातली कोणती गोष्ट मोबाईलच्या पडद्यावर शिकवता येत नाही? उलट हेच ज्ञान असं आहे की एकदा कार्यशाळेत ऐकून सहा महिन्यांनी ते आठवत नाही. रात्री दहाला, रुग्णाच्या घरातून फोन आलेला असताना, ट्रॅमाडॉलची दिवसाची ४०० मिलिग्रॅमची मर्यादा गाठली आहे आणि आता मॉर्फिन किती मिलिग्रॅमने सुरू करायचं हा प्रश्न समोर असताना, कपाटातलं पुस्तक आणि दहा वर्षांपूर्वीच्या व्याख्यानाची वही उपयोगी पडत नाही. खिशातला फोन पडतो. चांगल्या अ‍ॅपमध्ये रुग्णाची हकीकत समोर येते, डॉक्टर निर्णय घेतो, निर्णय चुकला तर पुढे काय झालं असतं ते लगेच दिसतं. इथे चुकून शिकता येतं आणि त्या चुकीने कुणी माणूस तळमळत नाही. खाटेशी शिकताना ही मुभा कधीच नसते.

पडद्यावरून शिकलेला खेड्यातला डॉक्टर शहरातल्या तज्ज्ञाच्या तोडीचं काम करू शकेल का, याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. हिपॅटायटिस सीचा उपचार करणारे तज्ज्ञ अल्बुकर्कमधल्या विद्यापीठ रुग्णालयात आणि रुग्ण शेकडो मैलांवर, अशी तिथली अडचण होती. अरोरांनी रुग्णांना शहरात बोलावण्याऐवजी दूरच्या दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना आठवड्याच्या आठवड्याला पडद्यावर एकत्र आणलं आणि त्यांच्याच रुग्णांच्या हकीकतींवर शिकवायला सुरुवात केली. ४०७ रुग्णांच्या तुलनेचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठ रुग्णालयात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, दूरच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. औषधं कडक, दुष्परिणाम गंभीर, उपचार महिनोन्‌महिने चालणारा. तरीही फरक पडला नाही. आपल्याकडे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्या ‘पॅलियम इंडिया’ या संस्थेने हीच पद्धत पॅलिएटिव्ह केअर शिकवण्यासाठी वापरली आहे. आज असा वर्ग साध्या स्मार्टफोनवर भरतो. मग आजऱ्याचा, राधानगरीचा डॉक्टर त्यात बसू शकत नाही असं कशावरून ठरवलं?

धोक्याचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून त्याचं उत्तरही आकड्यांनी द्यायला हवं. कालिकतच्या वेदनाशमन केंद्राने घरी न्यायला मॉर्फिन दिलेल्या १७२३ रुग्णांचा दोन वर्षांचा अनुभव २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. औषधाचा गैरवापर झाल्याचं किंवा ते बाहेर विकलं गेल्याचं एकही उदाहरण त्यांत सापडलं नाही. दुखण्याच्या प्रमाणात, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने श्वास बंद पडतो ही भीतीही अनुभवाला टिकत नाही. श्वास मंदावण्याआधी रुग्णाला गुंगी येते, आणि ती ओळखायची कशी हेच तर शिकवायचं आहे. ‘व्यसन लागेल’ हे वाक्य ज्याच्या हाती काही आठवडे उरलेत अशा माणसाच्या मुलाला ऐकवताना आपण नेमकं कुणाचं रक्षण करत असतो?

मग अमेरिकेचं उदाहरण पुढे केलं जातं: तिथे वेदनाशामक गोळ्यांनी किती माणसं गेली बघा. जरूर बघा, आणि नीट बघा. १९९६ साली बाजारात आलेली ऑक्सिकॉन्टिन ही गोळी पर्ड्यू फार्मा कंपनीने पाठदुखी, सांधेदुखीसारख्या वर्षानुवर्षांच्या दुखण्यांसाठी खपवली. तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचं डॉक्टरांना सांगितलं गेलं. हे सांगितलं गेलं कंपनीच्या प्रतिनिधींकडून आणि कंपनीच्या पैशाने. या प्रकरणात कंपनीने २००७ साली आणि पुन्हा २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. यातून धडा एकच निघतो: डॉक्टरांना वेदनाशमन शिकवण्याचं काम औषध कंपन्यांवर सोडू नका. ते वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि सरकारी रुग्णालयांनी करावं, उघडपणे, सगळ्यांना तपासता येईल अशा मजकुरावर. म्हणजे अमेरिकेचं उदाहरण सार्वजनिक, विनामूल्य अ‍ॅपच्या बाजूने साक्ष देतं. आपली अवस्था तर नेमकी उलटी आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ साली काढलेल्या हिशेबाप्रमाणे भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक औषध पोचतं. उपाशी माणसाला अतिखाण्याचे तोटे सांगणं थांबवलं पाहिजे.

आता तज्ज्ञांचं काम तज्ज्ञांनी करावं, हा मुद्दा. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. बारा तालुके. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरांहून लांब. तिथल्या लोकांना बेळगाव जवळ पडतं. हाडांत पसरलेला कर्करोग घेऊन एसटीने किंवा भाड्याच्या जीपने असा प्रवास करायचा, तोही दर पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या की? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा बंद पडला. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याने वेढलेली होती. त्या दिवसांत तिथल्या खाटेवरच्या रुग्णाचा तज्ज्ञ कोण होता? जो डॉक्टर गावात अडकला होता, तोच. त्याला येत असेल तर दुखणं थांबलं, येत नसेल तर नाही.

यावर कुणी म्हणेल, मुंबई-पुण्याचे तज्ज्ञ आता व्हिडिओवर रुग्ण तपासतात, मग खेड्यातल्या डॉक्टरला शिकवत बसायचं कशाला? इथे कायदाच आडवा येतो. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. अमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं दूरस्थ तपासणीवरून लिहायची नाहीत, असं त्यांत स्पष्ट म्हटलं. म्हणजे मॉर्फिनची चिठ्ठी रुग्णाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरनेच लिहायची. मुंबईचा तज्ज्ञ पडद्यावरून रुग्णाला मॉर्फिन देऊ शकत नाही, पण पडद्यावरून चंदगडच्या डॉक्टरला ते द्यायला शिकवू शकतो. तज्ज्ञांचा आग्रह धरणाऱ्यांनी या वस्तुस्थितीचं काय करायचं ते सांगावं.

‘औषधच मिळत नाही, मग शिकून काय करणार’ हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, परवान्याने पिकते. गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. मॉर्फिनची गोळी महाग नाही. तरी ती तालुक्याला पोचत नाही, हे खरं आहे. पण का पोचत नाही? २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. चार-पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. आणि ही मान्यता मिळवायची तर रुग्णालयात वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. प्रशिक्षित डॉक्टर नाही, म्हणून मान्यता नाही. मान्यता नाही, म्हणून साठा नाही. आणि साठा नाही, म्हणून शिकायचं नाही. हे चक्र कुठेतरी तोडायचं, तर ते शिकवण्यापाशीच तुटतं. दहा वर्षं होऊन गेली कायदा बदलून. औषधाचा अडथळा आता दिल्लीत कमी आणि आपल्या रुग्णालयांच्या अर्ज न करण्यात जास्त आहे. ज्याला औषध वापरता येत नाही, तो त्याच्यासाठी अर्ज कशाला करेल?

एक आक्षेप मात्र असा आहे की तो मनापासून घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मरणाच्या दारातल्या माणसाचं दुःख नुसतं शरीराचं नसतं. मागे राहणाऱ्या लेकरांची काळजी, कर्ज, अपराधीपणा, भीती, हे सगळं त्यात असतं. ते यंत्राकडून कसं शिकायचं? अशा सर्वांगीण वेदनेचा विचार ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनीच मांडला. पण त्यांनी सुरुवात कुठून केली ते विसरू नये. १९५८ पासून लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी आधी मॉर्फिन वेळेवर, नियमित द्यायला लावलं, दुखणं परत उठायची वाट न बघता. त्यांचं स्वतःचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस नंतर, १९६७ साली उभं राहिलं. ज्याचा जबडा फुटतोय असं त्याला वाटतं आहे, तो माणूस मुलीच्या लग्नाबद्दल, शेताच्या वाटणीबद्दल, मनात साचलेल्या भांडणाबद्दल बोलू शकतो का? ठणका थांबला की तो बोलतो. डॉक्टरला त्याच्याजवळ बसून ऐकता येतं, तेही दुखणं थांबवल्यावरच. करुणा हवी म्हणून डोसाचा हिशेब शिकवायचा नाही, हे म्हणणं रुग्णाला दोन्हीपासून वंचित ठेवतं.

काही अ‍ॅपना माझाही विरोध आहे: चार पानं सरकवली की प्रमाणपत्र देणारी, इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा सारांश दाखवणारी, किंवा ज्यांच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह चमकतं अशी. पण वाईट पुस्तकं निघतात म्हणून आपण ग्रंथालयं बंद केली नाहीत.

चांगलं अ‍ॅप काय असावं आणि त्याच्यामागे काय उभं राहावं, हे सांगायला अवघड नाही. मजकूर मराठीत, रुग्णांच्या तोंडच्या शब्दांसह. डोसाचा हिशेब नेट नसतानाही चालणारा, कारण गगनबावड्याच्या आणि चंदगडच्या डोंगरात रेंज जाते. आठवड्यातून एकदा कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि सीपीआर रुग्णालयाने पडद्यावर वर्ग भरवावा. त्यात तालुक्यातल्या डॉक्टरने आपला रुग्ण मांडावा आणि पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं ते सांगावं. डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पाच वर्षांत ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. त्यांतले काही तास वेदनाशमनासाठी राखून ठेवले, तर शहरातल्या हॉटेलांतल्या परिषदांच्या जोडीला हेही शिक्षण मोजलं जाईल. गडहिंग्लज आणि कोडोलीच्या उपजिल्हा रुग्णालयांनी, चंदगड-आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयांनी प्रत्येकी एक डॉक्टर शिकवून तयार करावा आणि मॉर्फिनच्या मान्यतेचा अर्ज त्याच वर्षी करावा. महाराष्ट्राने उपशामक सेवेचं धोरण २०१२ सालीच जाहीर केलं आहे, आणि केंद्राच्या प्राथमिक आरोग्य सेवांच्या यादीतही ही सेवा आहे. नवा हुकूम कुणी काढायची गरज नाही.

ज्यांना एवढं करूनही मोबाईलवरचं शिक्षण हलकं वाटतं, त्यांनी दुसरी वाट दाखवावी. मोघम नको. जिल्ह्यातल्या किती डॉक्टरांना, कोणत्या वॉर्डात, कोणत्या शिक्षकाच्या हाताखाली, कोणत्या वर्षापर्यंत वेदनाशमन शिकवणार, हे लिहून द्यावं, आणि तोवर त्यांचे दवाखाने कोण सांभाळणार तेही सांगावं. तसा कागद त्यांच्यापाशी असेल तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. नसेल, तर फोन खिशात असलेल्या डॉक्टरला शिकण्यापासून अडवण्याचा अधिकार त्यांना नाही.